गुंड
१. ‘गुंड’ म्हटल्यावर पुण्या-मुंबईचा वाचक दचकेल. विदर्भात गुंड म्हणजे पाणी भरायचं मोठं पितळी भांडं. लेखकाच्या आजीच्या आंदणातला गुंड भंडाऱ्याचा आहे, हे सहज आलेलं नाही. तांबं-जस्त वितळवून भांडी घडवणाऱ्या या गावाला ‘पितळनगरी’च म्हणत. भाण म्हणजे भांडं, त्यावरून भाणारा नि पुढे भंडारा, अशी व्युत्पत्तीही सांगतात. (रतनपूरच्या इ.स. ११०० च्या सुमाराच्या शिलालेखात ‘भाणारा’ आहे. तेव्हा इथे पितळ घडत होतं, असं मात्र त्यावरून ठरत नाही.) पुढे स्टेनलेस स्टील आलं. त्याला कल्हई नको, चिंच-राख लावून घासणं नको, वजनही कमी. पाठोपाठ प्लॅस्टिक, मग नळ. कासारांचे हातोडे थंडावले आणि घरोघरचे गुंड मोडीत निघाले, किलोच्या भावाने. कारागिरी पाहायची तर उरलेला एखादा गुंड उन्हात तिरपा धरावा: पोटावर मठारकामाचे ठोके खवल्यांसारखे एकाला एक लागून दिसतात, आणि काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेलं देणाऱ्याचं नाव. प्रकरण ४ मध्ये आजी बोटाने चाचपते ते हेच.