चार भुजा आणि एक प्रश्न

एका शेताच्या चारी बाजू प्रत्येकीं २५ हात आहेत. तर त्याचें क्षेत्रफळ किती? हा प्रश्न शाळेंतील मुलास घातला, तर ‘पंचवीस पंचवीसें सव्वासहाशें’ असें म्हणून तो ६२५ चौरस हात हें उत्तर तत्काळ मांडील, आणि परीक्षकहि बहुधा पुरे गुण देईल. परंतु सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं भास्कराचार्यांनीं अशा प्रश्नासच दोष दिला होता.

क्षेत्रगणिताचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास त्रिकोणाचें क्षेत्रफळ लंब आणि पायाचें अर्ध यांच्या गुणाकारानें सांगितलें. ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें चौकोनासाठीं दोन रीती दिल्या. समोरासमोरच्या भुजांच्या बेरजांचीं अर्धें घेऊन त्यांचा गुणाकार करणें, ही स्थूल रीत. चारी भुजांच्या बेरजेच्या अर्धांतून एकेक भुजा वजा करून, उरलेल्या चार संख्यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ काढणें, ही सूक्ष्म रीत. स्थूल रीत सोपी खरी. पण आयत व चौरस सोडले, तर तिचें उत्तर नेहमीं वाजवीपेक्षां जास्त येतें. ज्या जमिनीवर मापाप्रमाणें सारा बसतो, तिच्या धन्यास हा फरक पदरचा भरावा लागतो. सूक्ष्म रीतहि ज्या चौकोनाचे चारी कोन एका वर्तुळावर येतात, त्यापुरतीच खरी आहे.

हें मर्म भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत उघड केलें. भुजा प्रत्येकीं २५ असतांना एक कर्ण ३० धरला, तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६०० होतें. एक कर्ण १४ धरला, तर दुसरा ४८ येऊन क्षेत्रफळ अवघें ३३६ उरतें. दोन्ही कर्ण समान असले, तरच ६२५ हें उत्तर बरोबर. वरील दोन्ही रीतींनीं मात्र तिन्ही वेळां ६२५ च येतात ! कारण सोपें आहे. सांधे सैल झालेली लांकडी चौकट एका कोपऱ्याकडून दाबली, म्हणजे ती कलते. बाजू तेवढ्याच राहतात, पण आंतील जागा घटते. म्हणून लंब किंवा कर्ण सांगितल्यावांचून क्षेत्रफळ विचारणाऱ्यास आचार्यांनीं पिशाचाची उपमा दिली, आणि उत्तर देणाऱ्यासहि सोडलें नाहीं.

ही विद्या एका पिढींतच संपूं नये, अशी व्यवस्था खानदेशांत झाली. आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगांवाजवळील पाटण येथें शके ११२८ च्या शिलालेखांत आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख उजेडांत आणला.

आजच्या वर्गांतहि लांबी-रुंदीचा गुणाकार पाठ करविणें सोपें, आणि तो तपासणें त्याहून सोपें. परंतु मुलास क्षेत्रफळ समजलें कीं नाहीं, हें त्यावरून कळत नाहीं. केवळ चार भुजा दिल्या असतां ‘कर्ण कळल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं’ असें जो विद्यार्थी लिहील, त्यास पुरे गुण मिळाले पाहिजेत.