पास आणि प्रवास

आमच्या नामपुरात ‘पास’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक निकालाच्या दिवसाचा, दुसरा एस.टी.ने शाळेत येणाऱ्या मुलांच्या खिशातला, घामापावसाने मऊ पडलेला. पहिल्या पासाने मूल पुढच्या वर्गात जाते, दुसऱ्याने मोसम खोऱ्यातल्या आपल्या वस्तीवरून वर्गापर्यंत येते. अलीकडे तिसरा अर्थही दाखल झाला आहे: परदेशातल्या आगगाड्यांचा पास. एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि नेमून दिलेल्या दिवसांत मनाला येईल तिकडे हिंडायचे. मुलेबाळे आणि वडीलधारी माणसे घेऊन तीन-तीन आठवडे परदेशी जाणारी कुटुंबे आता आमच्यासारख्या गावांतूनही निघू लागली आहेत. आणि घरातल्या बैठकीत पहिला वाद होतो तो हाच, की हा पास घ्यावा, का प्रत्येक गाडीचे तिकीट वेगळे काढावे? प्रश्न हिशेबाचा दिसतो खरा. पण त्याचे अर्धे उत्तर इतिहासात दडलेले आहे.

प्रवासाचा परवाना ही गोष्ट आपल्याला नवी नाही. सुरतेहून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवरचा हा आपला बागलाण. व्यापाऱ्यांचे तांडे येथून जात. जकातीच्या चौक्या जागोजाग असत, आणि हाती सरकारी दस्तक असले म्हणजे माणूस आणि माल बिनबोभाट पुढे सरके. यात्रेकरूंचीही सुटका नव्हती. प्रयाग, गया, जगन्नाथपुरी येथे कंपनी सरकार यात्रेवर कर घेई. तो १८४० च्या कायद्याने उठला. म्हणजे त्या काळी पास लागे तो अडवले जाऊ नये म्हणून. वाहन ज्याचे त्याने बघायचे. बहुतेकांचे वाहन म्हणजे स्वतःचे दोन पाय. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यातून परत आले, ते असेच पायी.

आणि गंमत अशी, की ते निघाले त्याच्या चार वर्षे आधी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली. रेल्वे बांधणाऱ्यांची नजर कापसावर आणि पलटणींवर होती. पण डब्यांत गर्दी केली ती यात्रेकरूंनी. आमच्या भागाला मात्र रूळ लाभले नाहीत. मालेगावावरून मनमाड गाठावे, तेव्हा आगगाडी दिसावी, असा आमचा रिवाज. मालेगावावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरांच्या मनमाड–इंदूर मार्गाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२४ साली.

तिकडे इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी सुमारे पाचशे माणसे लेस्टरहून लफबरोला नेली. भाडे एक शिलिंग. मेळा होता दारूबंदीच्या सभेसाठी. पण कुकसाहेबाला त्यात एक मर्म सापडले. गाडी धावायचीच असेल, तर रिकाम्या बाकापेक्षा स्वस्तात भरलेले बाक बरे! पुढे त्याने गोल फिरून येणाऱ्या प्रवासाची एकत्र तिकिटे विकली, आणि १८७२ साली तर मंडळी घेऊन तो पृथ्वीप्रदक्षिणेलाच निघाला. आपल्याकडे रेल्वे देते ते चक्राकार प्रवासाचे तिकीट याच कुळातले. निघालेल्या स्टेशनावर परत यायचे, वाटेत जास्तीत जास्त आठ मुक्काम करायचे. अंतर वाढेल तसा दर मैलाचा भाव उतरत जातो. काशी-रामेश्वराच्या यात्रेला याहून सोयीचे कागद थोडे असतील.

आजच्या पासाचा खरा जन्म मात्र १९५९ सालचा. युद्धातून सावरलेल्या युरोपातील तेरा देशांच्या रेल्वेंनी मिळून ‘युरेल’ पास काढला. तो विकायचा फक्त युरोपाबाहेरच्यांना. डोळा होता अमेरिकेतल्या पैसेवाल्या प्रवाशांवर. दुसऱ्याच वर्षी आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ पुस्तकरूपाने आली आणि घरोघरच्या मंडळींनी झोपाळ्यावर बसून युरोप पाहिला! १९७२ साली युरोपने आपल्या तरुणांसाठी ‘इंटररेल’ काढला. एकवीस देश, आणि वयाची अट एकवीसच्या आत. आपल्या रेल्वेनेही परदेशी पाहुण्यांसाठी ‘इंडरेल’ पास ठेवला होता. तो २०१७ साली बंद झाला. जपानचा पास १९८१ चा.

या साऱ्या पासांची जन्मकुंडली एकच. रेल्वेला परका पाहुणा हवा होता, आणि तोही सतत हिंडणारा. पंचविशीच्या आतला, पाठीवर एक पिशवी टाकलेला, रात्री गाडीत झोपून सकाळी नव्या देशात उतरणारा. पास शिवला आहे त्याच्या अंगाच्या मापाने. तो आजी-नातवंडांच्या कुटुंबाच्या अंगावर बसेलच, असे धरून चालता येत नाही.

शिवाय पाहुणे पुरेसे येऊ लागले, की यजमानाचा हातही आखडतो. जपानचेच पाहा. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनांना मिळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो एकदम ५०,००० येनांचा झाला. टोकियोहून क्योतोला एका बाजूचे भाडे सुमारे चौदा हजार येन. म्हणजे पूर्वी एकदा जाऊन आले तरी पास जवळजवळ फिटे; आता तसे जाऊन-येऊनही बावीस हजारांची तूट उरते. ‘पास घेतला म्हणजे स्वस्त पडतेच’ हे तिकडून आलेल्या मंडळींचे जुने वाक्य म्हणूनच तपासून घ्यावे.

गेल्या वर्षी आमच्या आळीतले एक शेतकरी कुटुंब हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. धाकटा भाऊ दक्षिण जर्मनीत नोकरीला. आजी, थोरला मुलगा, सून, चौदा वर्षांची नात आणि दहा वर्षांचा नातू, असे पाच जण बावीस दिवस जाणार. दोन हंगामांचे कांद्याचे पैसे त्यासाठी बाजूला काढलेले. आजींचे वय सत्तरीपार, एक गुडघा धरलेला. असा प्रवास पुन्हा घडायचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि कोणी बोलून दाखवत नव्हते.

मी नातीच्या हाती पेन्सिल दिली आणि बावीस चौकटी काढायला लावल्या. ज्या दिवशी लांबची गाडी, त्या चौकटीत फुली. फुल्या झाल्या सहा! बाकी दिवस भावाच्या घरी, किंवा एकाच शहरात. आणि शहरातल्या ट्रामला व भुयारी गाडीला हा पास बहुधा चालत नाही. तेव्हा बावीस दिवसांचा सलग पास बादच झाला. दुसरा प्रकार असतो तो महिनाभरातल्या निवडक सात दिवसांचा. त्यात अकरा वर्षांपर्यंतचे मूल मोठ्यांबरोबर फुकट, बारापासून तरुणांचा सवलतीचा दर, साठीपुढे थोडी सूट. तरीसुद्धा महिने-दोन महिने आधी काढलेली, ठरल्या गाडीचीच तिकिटे थोडी स्वस्तच पडत होती. थोरल्याचा कल तिकडे झुकला.

इतका वेळ गप्प बसलेल्या आजी तेव्हा अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, गाडी चुकनी ते मंग?”

साऱ्या हिशेबात हा एकच आकडा आम्ही मांडला नव्हता. स्वस्त तिकिटाची गाडी चुकली, की तिकीट बुडाले. पासवाल्याला पुढची गाडी मोकळी. अर्थात हेही सगळीकडे खरे नाही. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे वेगळे पैसे भरावे लागतात आणि गाडी ठरवावी लागते. तिथे पासाचे निम्मे स्वातंत्र्य संपते. पण जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथे बहुतेक गाड्यांत थेट चढून बसता येते, आणि या मंडळींचे जाणे नेमके तिकडेच होते.

आजींना हे कळले ते आपल्या एस.टी.मुळे. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ पासूनची. पहिल्यांदा तो पास काढला तेव्हा, त्या सांगत होत्या, मालकांनी पै न् पै वसूल करायचे मनावर घेतले. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर, कोल्हापूर, गाणगापूर. देव नऊ झाले आणि ध्यानात राहिली ती बसस्टँडे. दुसऱ्या खेपेला तीनच ठिकाणी गेले. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात दोन संध्याकाळी नुसते बसून काढल्या. “मालक गेले, पण त्या दोन सांजा अजून माझ्याजवळ आहेत,” असे त्या म्हणाल्या तेव्हा थोरल्याने कागदाची घडी घातली. सात दिवसांचा पास ठरला.

मंडळी जाऊन आली. लुझर्नच्या तळ्याकाठी आजींना उठावेसेच वाटेना. एक गाडी गेली, दुसरीही गेली, आणि कोणी कोणावर चिडले नाही. सातव्या दिवसाची चौकट शेवटपर्यंत कोरीच राहिली. थोरल्याने त्या दिवसाचे पैसे मनातल्या मनात मोजले असतील. आजींनी मोजले नाहीत.

कुकसाहेबाला रिकामे बाक खुपत असे, आणि पास विकणाऱ्या प्रत्येक रेल्वेला आजही तेच खुपते. ते तिचे गणित आहे, आणि तिच्या बाजूने बरोबरच आहे. आपल्या घरचे गणित निराळे. प्रवासाची आखणी आधी करावी, फुल्या मोजाव्यात, मग पासाकडे वळावे. आणि घरातले जे माणूस सर्वांत हळू चालते, त्याच्या पावलाने अंतर मोजावे. पूर्वीच्या दस्तकाचे काम वाटेत कोणी अडवू नये एवढेच होते. आजच्या पासाकडून कुटुंबाने मागावे ते थोडे उलटे: वाटेत आपल्याला थांबावेसे वाटले, तर कोणी हाकलू नये.