शोकाला शरीराची वाट : परंपरा, ‘ऊर्जा’ उपचार आणि वास्तव

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील गावपाड्यांवर मृत्यू झाला, की त्या घरची चूल बंद राहते आणि शेजारघरून जेवण येते. बायका मृताच्या आप्तांना मिठी मारून मोठ्याने रडतात, पुरुष आळीपाळीने खांदा देतात, रात्री टाळ-मृदंगाच्या साथीने भजन होते. दशक्रिया विधीला नदीकाठी भाऊबंद जमतात, प्रवचन होते. यालाच कोणी शोकावरील उपचार म्हणत नाही. तरीही रडणे, स्पर्श, चालणे, ताल आणि सोबत अशी शरीराशी निगडित साधने येथे एकत्र येतात.

याच शरीराच्या वाटेने शोक हलका करण्याचा दावा गेल्या काही दशकांत रेकी, प्राणिक हीलिंग, टॅपिंग यांसारख्या ‘ऊर्जा’ उपचारपद्धती करीत आहेत. त्यांपैकी कशाला शास्त्राचा आधार आहे, कशाला नाही आणि शोकग्रस्त कुटुंबाने कोठे सावध राहावे, याची ही माहिती.

शोक शरीरात उतरतो

मराठी भाषेने शोकाचे वर्णन नेहमीच शरीराच्या शब्दांत केले आहे. ऊर भरून येतो, कंठ दाटतो, हातपाय गळतात, घास घशाखाली उतरत नाही. वैद्यकशास्त्राचे निरीक्षण याहून फार वेगळे नाही. झोप उडणे, भूक मरणे, छातीत दडपण येणे, अंग दुखणे, सतत थकवा वाटणे ही शोकाची नेहमीची लक्षणे आहेत.

क्वचित परिणाम याहून गंभीर असतो. अमेरिकेत हृदयविकाराच्या सुमारे २ हजार रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे २१ पट असल्याचे त्यात आढळले. पुढील दिवसांत हा धोका उतरत जातो. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याच्या विकाराची नोंद जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये केली. तो ‘ताकोत्सुबो’ या नावाने ओळखला जातो. त्यामुळे मयताच्या घरी कोणाच्या छातीत कळ आली, दम लागला किंवा दरदरून घाम फुटला, तर ‘दुःखामुळे होत असेल’ असे म्हणून वेळ न घालवता रुग्णालय गाठणे आवश्यक ठरते.

गावाने जपलेली साधने

शोकाला हालचालीची आणि सुरांची जोड देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. जात्यावर दळताना स्त्रियांनी गायिलेल्या ओव्यांमध्ये माहेरचा विरह, वैधव्य, लेकराचा मृत्यू हे विषय पुन्हापुन्हा येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. जात्याचा खुंटा धरून लयीत फिरणारा हात, त्या लयीला बांधलेला श्वास आणि समोर बसलेली दुसरी बाई, एवढ्या सामग्रीवर एरवी तोंडातून न निघणारे दुःख बोलले जात असे. विजेच्या गिरण्या आल्या आणि दळणाचे कष्ट संपले. त्यासोबत ती जागाही गेली.

ठाणे जिल्ह्याच्या या भागात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांबरोबरच कुणबी आणि आगरी समाजांची मोठी वस्ती आहे. प्रत्येकाच्या मृत्युविधींचे तपशील निराळे आहेत; मात्र शोकग्रस्ताला एकटे पडू न देणे, हे सूत्र समान आहे.

हे सूत्र तुटते तेव्हा शोक अडतो. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. तेथे मृत्यू ओढवला, तर उचल घेतलेल्या कुटुंबाला काम थांबवून दिवस पाळणे कठीण होते. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या साथीत असंख्य कुटुंबांना अंत्यदर्शन मिळाले नाही, खांदा देता आला नाही, गळ्यात पडून रडताही आले नाही. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर बसविणारे यंत्र कोसळले. त्यात २० जणांचा बळी गेला. मृतांत परराज्यांतून आलेले कामगार होते. डोळ्यांदेखत सोबती गमावलेल्या अशा मजुराभोवती ना त्याचे गाव असते, ना भाऊबंद.

‘ऊर्जा’ उपचार म्हणजे काय?

ही पोकळी भरून काढण्याचे आश्वासन ऊर्जा उपचार देतात. शरीरात व शरीराभोवती सूक्ष्म ऊर्जा वाहते, दुःखामुळे तिच्यात अडथळा निर्माण होतो आणि तो दूर केल्यास शोक मोकळा होतो, असे त्यांचे गृहीतक आहे. रेकीची सुरुवात मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानमध्ये केली. तीत साधक रुग्णाच्या अंगावर हलकेच हात ठेवतो किंवा किंचित वर धरतो. फिलिपिन्समधून आलेल्या प्राणिक हीलिंगमध्ये स्पर्श न करता हात फिरविले जातात. टॅपिंग या पद्धतीत मनात दुःखद प्रसंग आणून चेहरा, छाती व हातावरील ठरावीक बिंदूंवर बोटांनी हळुवार ठोकले जाते. ही पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात गॅरी क्रेग यांनी प्रचारात आणली.

चाचण्यांत काय आढळले?

हातांना दुसऱ्याची ऊर्जा जाणवते, या दाव्याची सर्वांत साधी परीक्षा एमिली रोझा या अमेरिकी मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी घेतली. रेकीशी साम्य असलेल्या एका पद्धतीचे २१ उपचारक पडद्याआडून हात बाहेर काढून बसले. एमिली त्यांच्या एका तळहातावर आपला हात धरी आणि तो उजव्या हातावर आहे की डाव्या, हे ओळखण्यास सांगे. एकूण २८० प्रयत्नांत १२३ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४४ टक्के. केवळ अंदाजानेही निम्मी उत्तरे बरोबर यावयास हवीत. हा निष्कर्ष १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चिंता आणि नैराश्यावर रेकीचा उपयोग होतो का, याचा कोक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यास पात्र असे तीनच अभ्यास व १२४ व्यक्ती मिळाल्या. उपयोग होतो किंवा होत नाही, असे म्हणण्याइतकाही पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. टॅपिंगविषयी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ठरावीक बिंदू सोडून भलतीकडे ठोकले, तरी भीती जवळपास तितकीच कमी झाली. याचा अर्थ, आराम वाटतो हे खरे असू शकते. त्याचे श्रेय विशिष्ट बिंदूंना किंवा ऊर्जेच्या मार्गांना देता येत नाही.

आराम नेमका कशाने वाटतो, याचे उत्तर खोलीतील साध्या गोष्टींत शोधता येते. शांत जागा, तासभर कोणाचे तरी पूर्ण लक्ष, मायेचा हात आणि संथ झालेला श्वास. या चारही गोष्टी शुल्क न देता मिळू शकतात.

श्वास, हालचाल आणि ध्यान

ऊर्जेची कल्पना बाजूला ठेवली, तरी शरीरावर आधारलेल्या काही पद्धतींचा उपयोग समजण्याजोगा आहे. मिनिटाला सुमारे सहा या गतीने संथ श्वसन केल्यास हृदयाची लय आणि श्वास यांचा मेळ बसतो व शरीराची ताणाची अवस्था उतरते. रोज चालणे, शेतातील हलके काम, भजनातील सामूहिक गायन यांनी झोप आणि भूक पूर्वपदावर येण्यास मदत होते.

कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी येथे सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र आहे. शरीरावरील संवेदनांचे तटस्थ निरीक्षण हा तेथील दहा दिवसांच्या शिबिराचा गाभा असून त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. तथापि, हे शिबिर म्हणजे मानसोपचार नव्हे. गंभीर मनोविकार असलेल्यांनी त्यात भाग घेऊ नये, असे शिबिराच्या नियमावलीतच सुचविले आहे. नुकताच आघात झालेल्या व्यक्तीला दहा दिवसांचे मौन झेपेल का, याचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करणे इष्ट.

डोळ्यांच्या लयबद्ध हालचालींचा वापर करणाऱ्या ‘ईएमडीआर’ या पद्धतीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली. ती शिफारस आघातोत्तर ताणाच्या विकारासाठी असून उपचार प्रशिक्षित मानसोपचारकाकडूनच घ्यावयाचा असतो. अपघात किंवा हिंसा प्रत्यक्ष पाहिलेल्यांना त्याचा उपयोग होऊ शकतो.

शोकाचे रूपांतर संशयात

पाड्यावर मृत्यूनंतर अनेकदा भगताला बोलावले जाते. त्याचे मंत्र, धूप, वाद्याचा सूर यांनी कुटुंबाला धीर मिळत असेल, तर त्यात अपाय नाही. अपाय सुरू होतो तो ‘हे कोणी केले?’ या प्रश्नापासून. मृत्यूचे खापर एखाद्या वृद्धेवर, विधवेवर किंवा शेजाऱ्यावर फोडले, की एका घरातील शोक दुसऱ्या घरावर संकट होऊन कोसळतो. जादूटोण्याच्या संशयाचे टोक कोठवर जाते, हे मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यात दिसले. तेथील एका गावात संशयावरून एका वृद्धाला निखाऱ्यांवर नाचविल्याप्रकरणी पोलिसांनी गुन्हा नोंदविला.

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार एखाद्याला करणी करणारा ठरविणे, भूत उतरविण्याच्या बहाण्याने मारहाण करणे आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे हे गुन्हे आहेत. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना १९५४ चा केंद्रीय कायदाही आळा घालतो.

शहरी उपचारकालाही हीच कसोटी लावता येते. जो उपचारक चालू औषधे बंद करावयास सांगतो, नातेवाइकांपासून दूर राहण्याचा सल्ला देतो, ‘तुमच्यातील दोषामुळे मृत आत्मा अडकला आहे’ अशी भीती घालतो किंवा दर बैठकीनंतर आणखी महागडी बैठक सुचवितो, त्याच्यापासून दूर राहावे.

मदत कधी घ्यावी?

बहुतेकांचा शोक आप्तांच्या सोबतीने, काळाच्या ओघात सुसह्य होतो. प्रत्येक शोकग्रस्ताला सरसकट मानसोपचार देण्याची गरज नाही, तसेच त्याला बेन्झोडायझेपिन गटातील झोपेच्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ चे मार्गदर्शन आहे. ‘रडू नये म्हणून इंजेक्शन द्या’ हा आग्रह त्यामुळे टाळावा.

सहा महिने उलटल्यावरही तीव्र ओढ, सुन्नपणा किंवा अपराधीपणा कायम राहिला आणि रोजचे व्यवहार ठप्प झाले, तर ‘दीर्घकालीन शोकविकार’ संभवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याचा समावेश आहे. कोणत्या समाजात किती काळ शोक पाळला जातो, हेही निदान करताना पाहिले जाते. यावर बोलण्याद्वारे होणारे परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

‘मीही त्याच्यामागे जाईन’ असे शब्द तोंडी आले, अन्नपाणी सुटले किंवा दारूचे प्रमाण वाढले, तर सहा महिने थांबू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १०ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय, मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाकडे पाठविण्याची चिठ्ठी मिळू शकते. गावातील आशा कार्यकर्तीला सांगितले, तरी पहिले पाऊल पडते.

दहावा-तेरावा उरकला, मंडप निघाला, की पाहुण्यांची ये-जा थांबते. शोकग्रस्त घराला सर्वाधिक एकटेपणा जाणवतो तो त्यानंतर. महिनाभराने त्या घरी जाऊन बसणे, हात हातात घेणे आणि गेलेल्या माणसाचे नाव काढणे, हे कोणत्याही शेजाऱ्याला जमण्यासारखे आहे.