काळीपिवळीचा परवाना

भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा बंगाल-नागपूर रेल्वेचा मुख्य मार्ग शहराला बाजूला ठेवून गेला आणि गाडीतून उतरलेल्या माणसाला गावात पोहोचायला भाड्याचे वाहन लागू लागले. आधी दमणी, टांगे; पुढे मोटार. जिल्ह्यातल्या टॅक्सीधंद्याचे मूळ मला या अंतरात दिसते. पण अंतर आहे म्हणून धंदा करता येतो, असे नाही. त्याला परवाना लागतो. आणि तो कोणाला द्यायचा हा प्रश्न आपल्या या जुन्या प्रांतातून एकदा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता.

1914 च्या मोटार कायद्याला मुख्यतः चालकाचे लायसन्स आणि गाडीची नोंदणी यांचीच काळजी होती. पुढच्या वीस वर्षांत मोटारींनी रेल्वेचे उतारू पळवायला सुरुवात केली. 1937 च्या वेजवुड समितीसमोर हीच चिंता होती आणि 1939 च्या मोटार वाहन कायद्यावर तिची छाया आहे. गाडी आणि चालक यांच्यापलीकडे जाऊन या कायद्याने धंद्यालाच परमिटच्या चौकटीत बसवले. त्याने दोन जाती ठरवल्या : ठरलेल्या मार्गावर थांबत, सवारी घेत-उतरवत जाणारी टप्पा वाहतुकीची गाडी आणि संपूर्ण भाड्याने ठरवायची कंत्राटी गाडी. सहापर्यंत उतारूंची मोटारकॅब ही कंत्राटी गाडी. आणि गंमत म्हणजे तिच्यातले उतारू वेगवेगळे भाडे देत असले तरी ती कंत्राटीच राहील, असे कायद्यानेच म्हटले होते. म्हणजे सीटवर भाडे घेणे हा पुढच्या काळातला चावटपणा नव्हे, 1939 पासून कायद्याला ते ठाऊक होते.

तेव्हा भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर प्रांतिक सरकारने रस्ता वाहतूक आपल्या हाती घ्यायचे ठरवले. 1947 च्या दुरुस्ती कायद्याने (1948 चा तिसरा) सरकारला परमिटे रद्द करण्याचे आणि वाहतुकीचा धंदा स्वतः, प्रसंगी इतरांना पूर्ण वगळून, करण्याचे अधिकार मिळाले. वर्षानुवर्षे बस चालवणाऱ्यांच्या पोटावर हा पाय होता. 26 जानेवारी 1950 ला संविधान आले आणि कोणताही धंदा करण्याचा मूलभूत हक्क मिळाला. तेव्हा हा कायदा मेलाच, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने मात्र सरकारी मक्तेदारीला वाट करून दिली.

भिकाजी नारायण ढाकरस आणि इतर वाहतूकदारांनी मध्य प्रदेश शासनाविरुद्ध दाद मागितली. मेलेला कायदा घटनादुरुस्तीने जिवंत कसा होतो, हा त्यांचा प्रश्न. 1955 मध्ये न्यायमूर्ती एस. आर. दास यांनी उत्तर दिले : कायदा मेला नव्हता, मूलभूत हक्काच्या छायेत गेला होता, छाया सरली, कायदा पुन्हा अमलात आला. भारतातला प्रत्येक कायद्याचा विद्यार्थी हे ‘ग्रहणाचे तत्त्व’ म्हणून घोकतो. ते आपल्याकडच्या बसच्या परमिटवरून निघाले, हे किती जणांना ठाऊक असेल? वाहतूकदार हरले. पुढल्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, भंडारा मुंबई राज्यात आला आणि कालांतराने इथल्या रस्त्यावर लाल एस.टी. स्थिरावली.

पण एस.टी. प्रत्येक गावी, प्रत्येक वेळी जाईना. त्या फटीत काळीपिवळी शिरली. मुंबईत काळीपिवळी म्हणजे फियाट. आपल्या विदर्भात जीप, पुढे ट्रॅक्स. साकोली-लाखांदूर मार्गावर लहानपणी मी तिच्यात बसलो आहे. मागे समोरासमोर बाके, मांडीवर कोणाचे तरी पोर, ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक सवारी आणि खुद्द ड्रायव्हर अर्धा बाहेर. गाडी भरल्याखेरीज निघायची नाही. गाडीच्या हप्त्याचे, डिझेलचे गणितच तसे होते. बेकायदा गर्दीचा दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकणे मला कधी पटलेले नाही. अपघात झाल्यावर मात्र विमा कंपनी पहिल्यांदा परवान्याच्या अटी काढते.

1988 चा कायदा 1 जुलै 1989 पासून लागू झाला आणि वारे फिरले. परमिट सहसा नाकारू नये, असे त्याच्या 80 व्या कलमात आले. कंत्राटी गाड्यांची संख्या बांधण्याची तरतूद राहिली, पण पाच लाखांवरच्या शहरांपुरती. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या बारा लाख आणि शहराची लाखाच्या आत. तेव्हा इथे दार उघडेच. अडचण आता कागदांची : पिवळ्या पाटीवर एमएच 36, फिटनेस, परमिट, विमा, आणि पोलीस पडताळणीनंतर मिळणारा बॅज. आठवीची अट 2019 मध्ये गेली, त्याच वर्षी व्यावसायिक लायसन्सची मुदत तीनवरून पाच वर्षांवर आली. हलक्या गाडीचे लायसन्स असलेल्याला टॅक्सीसाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये घटनापीठाने कायम केले. देशभर फिरायचे तर 2021 पासून पर्यटक परमिट ऑनलाइन मिळते. नागझिऱ्याला पाहुणे आणणाऱ्या गाड्यांना ते सोयीचे पडते.

सात ते बारा उतारूंची गाडी नव्या कायद्यात मॅक्सिकॅब झाली. तीही कंत्राटीच. वाटेत हात दाखवणाऱ्याला उचलायचे नाही, ही जुनी अट तशीच. ऑक्टोबर 2021 मध्ये एस.टी.चा संप सुरू झाला, नोव्हेंबरात शासनाने खासगी बस, शाळेच्या गाड्या, एवढेच काय मालवाहू गाड्यांनाही उतारू नेण्याची मुभा दिली. ऐंशी वर्षे जपलेली टप्पा आणि कंत्राटी ही भिंत एका अधिसूचनेने बाजूला झाली. एप्रिल 2022 मध्ये कर्मचारी कामावर परतले, भिंतही परत उभी राहिली. मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. बाजाराच्या दिवशी बाया आता बसची वाट पाहतात, आणि बस आलीच नाही तर काळीपिवळीकडे वळतात.