तळेगावची दक्षिणा आणि देहूची वाट

इंग्लंडला जाऊन आलेले आमचे एक स्नेही वर्ड्सवर्थच्या ग्रासमिअर येथील घराविषयी फार आत्मीयतेने बोलतात. यॉर्कशायरमधील हॉवर्थ हे खेडेही त्यांनी पाहिले. तेथे ब्राँटी भगिनींचे वडील धर्मोपदेशक होते, आणि ज्या घरात त्या मुलींनी आपल्या कादंबऱ्या लिहिल्या ते घर १९२८ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे. लेखकांची घरे, जुनी गावे, जमीनदारांचे वाडे असे पाहत हिंडणे हा तिकडे सुसंस्कृत जीवनाचा भाग समजला जातो. हे सारे ऐकताना आम्हाला आमच्या धर्मग्रामातील मुलांची आठवण होते. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे एकामागून एक कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ केरळ, तामिळनाडू, गोवा, वसई व नगर भागांतून आपली कुटुंबे येथे आली. त्यांच्या मुलांना चिंचवड, तळेगाव, चाकण ही नावे कंपनीच्या बसचे थांबे म्हणून पाठ आहेत. पवना, इंद्रायणी आणि भामा या नद्यांच्या परिसरात मराठी भाषेचे एक अख्खे दालन उभे आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

या स्थळांना धर्मग्रामाची सहल न्यावी असे आम्ही सुचविले, तेव्हा एका ज्येष्ठ प्रापंचिकाने विचारले, “फादर, आपण तिथे कशाला जायचे?” प्रश्न प्रामाणिक होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा प्रसृत करून अन्य धर्मांतील सत्य व पवित्र अशा कशाचाही अव्हेर करू नये असे सांगितले आहे. हे उत्तर आम्ही दिले. परंतु दुसरे उत्तर इतिहासाचे आहे आणि ते थोडे लांबचे आहे.

चिंचवडपासून आरंभ करू. मोरया गोसावींची समाधी पवनेच्या काठी आहे, आणि गावात देव घराण्याचा मंगलमूर्ती वाडा आहे. या घराण्यात सात पिढ्या गणपतीचा अंश वास करतो अशी श्रद्धा होती. कंपनी सरकारचे अधिकारी एडवर्ड मूर यांनी त्याविषयी लिहिलेला लेख १८०१ साली ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सातव्या खंडात आला. १८०९ साली मारिया ग्रॅहम ही लेखिका येथे आली. तिला हा वाडा म्हणजे नदीकाठची, खिडक्या नसलेली एक अवाढव्य इमारत वाटली. देवांविषयीही तिने फारसे आदराने लिहिलेले नाही. बाईंची नजर तीक्ष्ण होती, यात शंका नाही. परंतु मराठी वाडा बाहेरच्या माणसाला भिंतच दाखवितो. त्याचे सारे जीवन आतल्या चौकाकडे तोंड करून असते; उजेड, वारा, पाऊस, लग्नकार्य, सारे चौकात. रस्त्यावरून खिडक्या मोजणाऱ्याला तो कळावा कसा?

याच चिंचवडात चापेकर बंधूंचा वाडा आहे. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीत रँडवर झालेला हल्ला, आणि पुढे तिघा भावांना झालेली फाशी, ही हकीकत सर्वश्रुत आहे. या मुलांचे वडील कीर्तनकार होते, आणि थोरल्या दामोदराने तुरुंगात आत्मवृत्त लिहिले, एवढे येथे नोंदवून पुढे जाऊ.

चाकणचा भुईकोट संग्रामदुर्ग तर आता वस्तीच्या गर्दीत शोधावा लागतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या फौजेपुढे तो सुमारे दोन महिने झुंजविला होता.

खरा मुक्काम करावा तो तळेगावात. तळेगावच्या नावापुढे ज्यांचे आडनाव लागले ते दाभाडे हे सेनापतींचे घराणे. खंडेराव दाभाड्यांना १७१७ साली शाहू महाराजांकडून सेनापतिपद मिळाले. इंद्रायणीच्या काठी इंदोरी येथे त्यांची गढी आहे. तिचा भव्य दरवाजा तळेगाव-चाकण रस्त्याने जाणाऱ्यांनी एकदा तरी उतरून पाहावा. खंडेराव १७२९ साली वारले. त्यांचे पुत्र त्रिंबकराव १७३१ साली डभईच्या लढाईत पडले, आणि तेही बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना. शाहू महाराज स्वतः बाजीरावांना घेऊन तळेगावी आले आणि त्यांना उमाबाईंच्या पायांवर डोके ठेवावयास लावले, असे सांगतात. पुत्रशोकात बुडालेल्या त्या मातेने धाकट्या मुलाच्या नावाने सेनापतिपदाचा कारभार पुढे चालविला. वाड्याचे वैभव मात्र ओसरत गेले.

खंडेरावांनी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावी सुरू केली होती. डभईनंतर ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्यात चालू ठेवली, आणि ती पुढे लाखांच्या घरात गेली. १८१८ साली पेशवाई बुडाली. नव्या सरकारने दक्षिणा एकदम बंद करण्याचे धाडस केले नाही. तिच्यातील काही रकमेतून १८२१ साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ साली लोकहितवादी आदी सुधारकांनी अर्ज केला की, दक्षिणेचा पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणारांना द्यावा. सनातनी मंडळी खवळली. तरीही १८५१ पासून दक्षिणा प्राइज कमिटी मराठी पुस्तकांना बक्षिसे देऊ लागली. त्या काळी मराठीतून लिहून पोट भरणे अशक्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या बक्षिसांचे मोल कळते.

पाठशाळेचे पुढे पूना कॉलेज झाले आणि १८६४ पासून ते डेक्कन कॉलेज म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच डेक्कन कॉलेजने १९६० साली विठोबाच्या उपासनेवर एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लेखक येशूसंघीय फ्रेंच धर्मगुरू फादर गी दलरी. त्याआधी, १९५६ साली, त्यांनी तुकोबांच्या अभंगांचे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले होते. ते पालखीबरोबर पायी चालले, वारकऱ्यांच्या पंगतीला बसले आणि मग लिहावयास बसले. मारिया ग्रॅहमने एका भेटीत जे पाहिले आणि फादर दलरींनी चालून जे पाहिले, त्यांतील अंतर आमच्या तरुणांनी अवश्य समजून घ्यावे. तळेगावच्या वाड्यातून श्रावणात निघालेला एक दानाचा ओघ असा वळणे घेत एका कॅथलिक धर्मगुरूच्या ग्रंथापर्यंत येऊन पोहोचला. खंडेरावांना याची कल्पनाही आली नसती.

मात्र ज्या दक्षिणेचे आम्ही एवढे गुण गायिले, ती देहूच्या तुकोबांना कधीच मिळाली नसती. ज्यांचा लिहिण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्या वाण्याला कोण दक्षिणा देणार? देहूच्या मंदिरात आजही ‘भिजकी वही’ जपून ठेवली आहे. बहिणाबाई गुरूच्या शोधात येथे आल्या, तेव्हा मंबाजीने त्यांना किती छळले ते त्यांनी आपल्या आत्मकथनाच्या अभंगांत सांगितले आहे. काळाचा न्याय असा की, १८६९ आणि १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा दोन भागांत निघाली तेव्हा तिच्यासाठी सरकारने चोवीस हजार रुपये दिले.

येथे आपला संबंध येतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम छापले गेले. तुकोबांचे जन्मवर्ष १६०८ मानले, तर तेव्हा ते देहूत आठ वर्षांचे होते. या इंग्रज धर्मगुरूने ख्रिस्ताची कथा सांगण्यासाठी ओवी निवडली. याच ओवीत ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात गीतेवर भाष्य केले होते. सहा वर्षांनी त्यांनी आळंदीस समाधी घेतली. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. आपण मराठीतून प्रार्थना करतो तेव्हा ‘कृपा’, ‘दया’, ‘शरण’ हे शब्द आपल्या ओठी सहज येतात. इंद्रायणीकाठच्या माणसांनी ते आधी शेकडो वर्षे वापरून मऊ केले नसते, तर आपली प्रार्थना केवळ भाषांतरासारखी वाटली असती. त्या ज्येष्ठ गृहस्थांना आम्ही हेच सांगितले. ते काही वेळ गप्प राहिले. सहलीच्या यादीत मात्र त्यांनी आपले आणि पत्नीचे नाव लिहिले.

या नदीची आजची अवस्था मात्र पाहवत नाही. आळंदीच्या घाटावर कित्येकदा पांढरा फेस वाहताना दिसतो. त्यात कारखान्यांचे पाणी आहे, तसे आपल्या घरांतील सांडपाणीही आहे. आमचे बहुतेक प्रापंचिक कारखान्यांवरच उपजीविका करतात, म्हणून या विषयावर उपदेश करताना आमची जीभ अडखळते. परंतु सहलीला आलेल्या मुलांनी तो फेस पाहिलाच पाहिजे.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. चिंचवड, देहू, इंदोरी व तळेगाव ही स्थळे एका दिवसात होतात. आळंदी स्वतंत्र दिवशी ठेवावी. देहूत इनामदार वाडा विसरू नये. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केलेल्या पालखीचा पहिला मुक्काम त्या वाड्यात असतो, आणि दुसरा आपल्या आकुर्डीला. निवांत पाहावयाचे असेल, तर ज्येष्ठ वद्यातील प्रस्थानाचे आणि कार्तिकी एकादशीच्या सुमाराचे दिवस टाळावेत. वाटेत वाचावयास गो. नी. दांडेकरांचे एखादे पुस्तक घ्यावे. ते बरीच वर्षे तळेगावी राहत; ‘पवनाकाठचा धोंडी’ मोठ्या मुलांना समजेल, आणि तुकोबांवरील ‘तुका आकाशाएवढा’ त्यांच्या आईवडिलांना. देहूच्या मंदिरात चपला बाहेर काढाव्यात, कीर्तन चालू असेल तर मागे बसून ऐकावे, आणि कोणी प्रसाद देऊ केला तर कसे वागावे याविषयी घरातील मोठ्यांनी निघण्यापूर्वीच मुलांशी बोलून ठेवावे.