उन्हाचे माप

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात एक दुपार अशी येते की सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्याच बुडाशी गडप होते. पारा तेव्हा बहुधा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असतो, आणि पुढचा पावसाळाही या जिल्ह्यात हात राखूनच येतो. नुसत्या प्रकाशाने मुरूम जात असते, तर इथल्या पोरापोरींच्या चेहऱ्यावर एक पुटकुळी दिसायला नको होती. पण तारुण्यपिटिकांचा जाच सोलापूरलाही सुटलेला नाही. आज शहरोशहरी त्वचेच्या दवाखान्यांत आणि ब्यूटी पार्लरांतही मुरुमांवर निळ्या-लाल दिव्यांचा उपचार मिळतो, आणि त्याविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, ही तर आपलीच जुनी सूर्यचिकित्सा, नव्या खोक्यात घालून विकलेली. दुसरे म्हणजे, हे सगळे दिव्यांचे थोतांड आहे. माझ्या मते दोन्ही इतिहासाला धरून नाहीत. प्रकाश औषध म्हणून कामाला आला तो नेहमी निवडून आणि मोजून दिल्यावर. ही निवड आणि हे मोजमाप जिथे सुटले, तिथे तो निरुपयोगी तरी ठरला किंवा घातक तरी.

आपल्याकडच्या पुराव्यापासूनच सुरुवात करू. सूर्य आणि त्वचा यांचे नाते आपल्या परंपरेत फार जुने आहे. कृष्णपुत्र सांबाचे कुष्ठ सूर्योपासनेने गेले, ही पुराणकथा. सूर्यशतक रचणाऱ्या मयूर कवीचीही तशीच आख्यायिका. रथसप्तमीला अंगणात उन्हाकडे तोंड करून दूध उतू घालणाऱ्या घरांत आरोग्य सूर्याकडे मागायचे, हे कुणाला शिकवावे लागत नाही. मात्र वैद्यकाचे ग्रंथ उघडले की चित्र बरेच काटेकोर होते. चरकसंहितेत श्वित्र, म्हणजे पांढऱ्या कोडावर, ऊन सांगितले आहे. आधी काकोदुंबराचा रस गुळासह प्यायचा, अंगाला तेल लावायचे, मग आपल्याला सोसेल तितकेच ऊन घ्यायचे, आणि डागांवर फोड आले तर ते काट्याने फोडायचे. किती बारकाईने पाहिले होते हे ‘सोसेल तितकेच’ या अटीवरून कळते. आता सुश्रुताची मुखदूषिका पाहा. सावरीच्या काट्यांसारख्या, तरुणांच्या तोंडावर उठणाऱ्या पुळ्या हे तिचे वर्णन आजच्या मुरुमांना तंतोतंत लागू पडते. तिच्यावर वमन आहे, लोध्र, धणे आणि वेखंड यांचा लेप आहे. ऊन नाही. ज्या परंपरेला उन्हाचा औषधी उपयोग ठाऊक होता, तिने मुरुमांसाठी तो सांगितला नाही. तेव्हा मुरुमांवरच्या दिव्यांना सूर्यचिकित्सेचा वारसा चिकटवणे म्हणजे जुन्या वैद्यांच्या विवेकावर पाणी ओतणे आहे.

कोडावरच्या या उपचाराचे मर्म पुढे रसायनशास्त्राने उलगडले. कोडावरचे दुसरे जुने औषध म्हणजे बावची. १९३३ मध्ये जोईस, मंजुनाथ आणि वेंकटराव या भारतीय संशोधकांनी बावचीच्या बियांतून सोरालेन वेगळे काढले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये नाईलकाठच्या एका वनस्पतीतून त्याच कुळातले द्रव्य काढून कोडावर वापरले गेले. १९७४ मध्ये अमेरिकेत हे द्रव्य आणि दिव्यातले दीर्घलहरी अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर दिल्याचे प्रसिद्ध झाले. औषध एकटे काम करीत नाही, ऊनही एकटे करीत नाही. दोन्ही एकत्र आली, तर मात्र जरा मात्रा चुकली की कातडी भाजते. घरच्या घरी बावची चोळून दुपारच्या उन्हात बसणाऱ्याला अंगावर फोड येतात ते त्यामुळेच.

आधुनिक प्रकाशोपचाराचा आरंभ मात्र उन्हाचा दुष्काळ असलेल्या देशात झाला, आणि ते स्वाभाविकच होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला सूर्य दिवसचे दिवस दिसत नसे, म्हणून प्रकाश कृत्रिमरीत्या निर्माण करणे, एकवटणे आणि मोजणे त्याला भाग पडले. १८९५ मध्ये त्याने कोपनहेगनच्या वीज कंपनीतल्या मोगेन्सेन नावाच्या अभियंत्यावर उपचार सुरू केले. मोगेन्सेनच्या चेहऱ्यावर ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ म्हणजे त्वचेचा क्षय होता. तो चेहरा अक्षरशः कुरतडून टाकतो. फिन्सेनने कार्बन-आर्कचा प्रखर दिवा घेतला, स्फटिकाच्या भिंगांनी त्याचा झोत केला आणि मधून पाणी खेळवून उष्णता काढून घेतली. रक्त प्रकाश शोषून घेते हे त्याने ओळखले होते. त्यामुळे परिचारिका एक भिंग त्वचेवर दाबून धरी, म्हणजे तेवढा भाग पांढराफटक, रक्तहीन होई आणि किरण खोल शिरत. नाण्याएवढ्या जागेवर तास-तासभर, रोज, महिनोन्‌महिने हे चाले. १८९६ मध्ये त्याची संस्था उभी राहिली, १९०३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या यंत्रात सूर्याचे काम करणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे दिवा. बाकीची सगळी मांडणी नको ते किरण, नको ती उष्णता आणि नको ते रक्त बाजूला सारण्यासाठी होती.

त्याच सुमारास जर्मनीत म्युनिकला दुसरा धागा सापडला. सोलापूरकरांना तो सहज उमगेल, कारण हे शहर रंगावर आणि सुतावर वाढलेले आहे. १८७७ मध्ये इथे सुरू झालेली कापडगिरणी पुढे ‘जुनी मिल’ झाली. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांनी साड्या आणि चादरी देशभर पोचवल्या. पक्का रंग कोणता आणि उन्हात विटणारा कच्चा कोणता, हा या धंद्यातला रोजचा प्रश्न. ऊन रंगावर काहीतरी करते, एवढे प्रत्येक रंगाऱ्याला माहीत असते. १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्याला याची उलटी बाजू दिसली. पॅरामेशियम या सूक्ष्म जीवांवर तो ॲक्रिडीन नावाच्या रंगाचा परिणाम पाहत होता. उजेडाच्या दिवशी ते लवकर मरत, अंधारलेल्या दिवशी कितीतरी उशिरा. नुसता रंग एवढ्या लवकर मारत नव्हता, नुसता उजेडही मारत नव्हता. रंगाने पकडलेला प्रकाश प्राणवायूला जहाल बनवत होता. राबचे गुरू फॉन टापायनर यांनी १९०३ मध्ये लाल शाईतल्या इओसिनचा रंग लावून त्वचारोगांवर प्रकाश टाकून पाहिला. सुताला रंग देणारे रेणू आणि जंतू मारणारे रेणू एकाच घराण्यातले निघाले.

आता मुरुमांकडे येता येते. मुरूम धरलेल्या तेलग्रंथीत ‘क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस’ हा जीवाणू वाढतो आणि तो स्वतःच पोर्फिरिन नावाचे रंगद्रव्य तयार करतो. हे डोळ्यांनी पाहता येते. अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पचा जांभळट प्रकाश चेहऱ्यावर टाकला की नाकाच्या दोन्ही अंगांना रंध्रारंध्रांतून केशरी-लाल ठिपके चमकू लागतात. बाहेरून रंग लावायची गरजच नाही, जीवाणू तो अंगावर घेऊनच बसलेला असतो. हे पोर्फिरिन सर्वाधिक प्रकाश शोषते तो साधारण ४१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे जांभळ्याच्या कडेच्या निळ्याचा. तो मिळाला की राबने पाहिलेलीच प्रक्रिया जीवाणूच्या पोटात घडते. २००५ मध्ये डॅनिश संशोधकांनी फिन्सेनची जुनी भिंगे पुन्हा तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या लघुलहरी अतिनील किरणांना बरे करण्याचे श्रेय शतकभर मिळाले, ते त्या उपकरणातून पुरेसे बाहेर पडतच नव्हते. क्षयाच्या जंतूंतही पोर्फिरिन सापडले, आणि फिन्सेनचे रुग्ण बहुधा त्याच वाटेने बरे झाले असावेत असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे आजच्या निळ्या दिव्याचा खरा पूर्वज फिन्सेनचा आर्क-दिवा आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. घरगुती निरीक्षणाला इतके खाली ढकलायचे का? तान्ह्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरणाऱ्या आजीला लहरींची लांबी कुठे माहीत होती? या आक्षेपाला इतिहासाने चांगले उत्तर दिले आहे. इंग्लंडमध्ये एसेक्समधल्या रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात १९५६ च्या सुमारास वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाची कावीळ उतरलेली दिसली, पण अंगावर त्रिकोणी पिवळा पट्टा तसाच होता. चादरीचे टोक नेमके तिथे पडले होते. ते निरीक्षण डॉक्टरांनी मोजायला घेतले, १९५८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि आज नवजात बालकांच्या कक्षात निळ्या दिव्याखाली डोळे झाकून निजलेली बाळे दिसतात ती त्यामुळे. सिस्टरच्या नजरेचे मोल फार मोठे आहे. तरीही वाढलेल्या काविळीचे बाळ आज कोणी खिडकीतल्या उन्हावर सोडत नाही, आणि सोडूही नये.

मोजमाप सुटल्यावर काय होते, याचेही दाखले आहेत. मुंबईत १८७३ मध्ये जन्मलेले दिनशा घडियाली हे पारशी गृहस्थ अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी ‘स्पेक्ट्रो-क्रोम’ काढले. हजार वॉटचा दिवा, पुढे रंगीत काचा, आणि बहुतेक प्रत्येक रोगाला एकेक रंग नेमलेला. १९४७ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. रंगीत बाटलीत उन्हात ठेवलेले पाणी पाजणारी आपल्याकडची पद्धतही याच विचाराची. पाण्यात रंग साठत नाही, आणि प्यायलेले पाणी मुरुमाच्या रंध्रात ४१५ नॅनोमीटरचा किरण घेऊन जात नाही. दुसरा दाखला प्रतिष्ठित डॉक्टरांचा आहे, म्हणून अधिक गंभीर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुरुमांवर सर्रास क्ष-किरण दिले जात. मुरूम सुकत, रुग्ण खूश होत. काही दशकांनी त्यांतल्या काहींच्या गळ्यात थायरॉइडचा कर्करोग उद्भवला. निसर्गोपचाराला मात्र मी या पंगतीत बसवणार नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेल्या उपचारकेंद्रात सूर्यस्नान होते, पण ते सकाळचे, आहार-विहाराच्या नियमांसह. त्यांनी उन्हाला रोगागणिक रामबाण म्हणून विकले नाही.

मग आजचा निळा दिवा कितपत खरा? २००० साली लंडनच्या डॉक्टरांनी १०७ रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निळा आणि लाल प्रकाश रोज पंधरा मिनिटे घेणाऱ्यांत बारा आठवड्यांनी सुजलेल्या मुरुमांत सरासरी ७६ टक्के सुधारणा दिसली. आकडा मोहक आहे. पण २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने सर्व प्रकारच्या प्रकाशोपचारांच्या ७१ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत ४,२११ रुग्ण होते, आणि बहुतेक पुरावा कच्चा निघाला. चाचण्या छोट्या, दिवे निरनिराळे, मात्रा निरनिराळ्या. यावरून सगळे थोतांड म्हणणारे हात झटकतात, ते मला पटत नाही. जिवाणूतले पोर्फिरिन खरे आहे आणि त्यावर होणारा प्रकाशाचा परिणामही खरा आहे. त्याची योग्य मात्रा अजून ठरलेली नाही, एवढेच कॉक्रेनच्या आढाव्यातून निघते. तोवर बेन्झॉइल पेरॉक्साइड, रेटिनॉइड यांसारख्या तावून सुलाखून निघालेल्या औषधांची जागा दिव्याने घेऊ नये. सोबतीला राहावे. उन्हातही निळा प्रकाश असतोच, मग फुकटचे ऊन का नको, असेही विचारले जाते. उन्हातून निळ्याबरोबर अतिनील किरण येतात, उष्णता येते, घाम येतो. उत्तर भारतातल्या रुग्णांच्या २००२ मधल्या एका अभ्यासात तर उन्हाळ्यात मुरूम वाढल्याची तक्रारच अधिक होती.

सोलापूरसाठी सर्वांत महत्त्वाचा पुरावा मात्र फ्रान्समधून आला आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही. २०१४ मधल्या त्या प्रयोगात मध्यम सावळ्या वर्णाच्या लोकांच्या पाठीवर ४१५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश टाकला, तेव्हा तिथे गडद डाग उमटले आणि ते तीन महिन्यांपर्यंत टिकले. लाल प्रकाशाने तसे झाले नाही. हीच ती लहर, जिच्यावर मुरुमांचा निळा दिवा चालतो. गोऱ्या त्वचेवर मुरूम गेला की बहुधा थोडा लालसरपणा उरतो. आपल्याकडे काळा डाग राहतो, आणि कितीतरी मुलींना मुरुमापेक्षा त्या डागाचेच दुःख जास्त असते. अशा त्वचेवर मुरूम घालवणाराच किरण डाग गडद करू शकत असेल, तर लंडनची मात्रा जशीच्या तशी इथे उचलणे चूक आहे. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून सोलापुरात आहे, आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे रुग्ण येतात. आपल्या वर्णाची त्वचा इतक्या संख्येने दुसरीकडे कुठे शोधायला जायची? चेहऱ्याच्या एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला नेहमीचे औषध, मुरुमांची मोजणी बाराव्या आठवड्याला आणि डागांची मोजणी त्यानंतर आणखी तीन महिन्यांनी, उन्हाळ्यात वेगळी आणि हिवाळ्यात वेगळी. असा अभ्यास इथल्या सरकारी दवाखान्यात सहज बसतो. तो होईपर्यंत निळ्या दिव्याखाली बसवण्यापूर्वी या डागाची शक्यता रुग्णाला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.