मंडूकपर्णीचें खरें मोल

नाजूक कांतीच्या लोकांसाठीं हल्लीं जीं मलमें व लेप बाजारांत येतात, त्यांच्या वेष्टनावर 'सेंटेला' हें नांव वारंवार आढळतें. हें परकें वाटणारें नांव ज्या वनस्पतीचें, ती आपल्या ओढ्याकांठीं व विहिरीच्या पाझराजवळ जमिनीला बिलगून वाढणारी मंडूकपर्णी होय. तिलाच मराठींत कारिवणा असेंही म्हणतात. तिच्या कीर्तीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

चरकसंहितेंत मंडूकपर्णीचा स्वरस मेध्य रसायन म्हणून सांगितला आहे. म्हणजे बुद्धिवर्धन ही तिची जुनी ख्याति. तिला ब्राह्मी म्हणतात आणि बाकोपा या निराळ्याच वनस्पतीलाही ब्राह्मीच म्हणतात. त्यामुळें कोणता गुण कोणत्या पाल्याचा, हा घोटाळा आजही होतो. 'होर्तुस मलबारिकुस' या १६७८ ते १६९३ या काळांत निघालेल्या बारा खंडांच्या लॅटिन ग्रंथांत तिचें चित्र आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानें हा ग्रंथ सिद्ध केला. त्याला इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याप्रमाणेंच रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचेंही साहाय्य होतें. या तिघांची नागरी लिपींतील साक्ष पहिल्या खंडांत छापलेली आहे.

एकोणिसाव्या शतकांत या पाल्यावर फार मोठी आशा बांधली गेली. १८५२ च्या सुमारास मॉरिशसमध्यें डॉक्टर ब्वालो यांनीं तो कुष्ठरोगावर वापरला. १८५५ सालीं पाँडिचेरीच्या लेपीन या फ्रेंच औषधशास्त्रज्ञानें त्याचें पृथक्करण प्रसिद्ध केलें. आणि १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त त्याला स्थान मिळालें. ज्या रोगानें माणूस जिवंतपणींच घराला पारखा होई, त्यावर ओढ्याकांठचा फुकट पाला चालेल, ही आशा रोग्यांना किती प्रिय झाली असेल! परंतु ती फळास आली नाहीं. व्रण सुधारत, रोग मात्र हटत नसे. १९४१ सालीं मादागास्करच्या मंडूकपर्णींतून एशियाटिकोसाइड हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत कारव्हिल येथें डॉक्टर फॅगेट यांनीं प्रोमिन हें सल्फोन औषध कुष्ठरोग्यांना देण्यास आरंभ केला, आणि त्या रोगावरील खरा उपाय रसायनशाळेंतून आला.

म्हणून मंडूकपर्णी निरुपयोगी ठरली काय? तसें नव्हे. तिच्यांतील द्रव्यें त्वचेच्या पेशींना कोलॅजेन निर्माण करण्यास चालना देतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे. फ्रान्समध्यें तिच्या अर्काचें 'मादेकासॉल' हें मलम जखमांवर वापरांत आलें. लालसर, चुरचुरणारी, जरा कांहीं लागतांच दुखावणारी त्वचा शांत व्हावी, म्हणून आजच्या लेपांतही तिची योजना होते. तथापि वनस्पतिजन्य तें सर्व निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. याच अर्कानें कित्येकांच्या अंगावर पुरळ व दाह उठल्याची उदाहरणें वैद्यकीय वाङ्मयांत नमूद आहेत. यासाठीं नवा लेप प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस थोडासा लावून एकदोन दिवस वाट पाहणें, हेंच शहाणपणाचें.

मंडूकपर्णीला तिच्या शक्तीबाहेरचें काम सांगितलें, तेव्हां रोग्यांची निराशा झाली. बेताचें काम दिलें, तेव्हां ती उपयोगी पडली. वेष्टनावरील मोठमोठीं आश्वासनें वाचतांना एवढें ध्यानांत राहिलें, तरी पुरे.